‘गुण’ आणि गुणसंख्या : व्हिडिओ गेमच्या परीक्षणांतील अंकांचा अर्थविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठीत ‘गुण’ हा एकच शब्द दोन वेगळ्या व्यवहारांत वावरतो. माणसाच्या अंगी गुण असतात, आणि गुणपत्रिकेवरही गुण असतात. पहिल्या प्रकारचे गुण वर्णन करून सांगावे लागतात. दुसऱ्या प्रकारचे केवळ अंकाने सांगता येतात. ‘परीक्षा’ आणि ‘परीक्षण’ या शब्दांची स्थितीही अशीच आहे. दोहोंचे मूळ एकच, आणि दोन्ही कामे करणाऱ्यास ‘परीक्षक’ हीच संज्ञा. इंग्रजीतील ‘स्कोअर’ या शब्दाचा इतिहास याहून निराळा आहे. मोजणीसाठी लाकडावर पाडलेली खाच, असा त्याचा जुना अर्थ. योग्यतेशी त्याचा मुळात काही संबंध नव्हता. मराठी भाषकाला मात्र मोजलेले ‘गुण’ आणि अंगचे ‘गुण’ यांतील अंतर शब्दातून जाणवत नाही. त्यामुळे अंक पाहिला की गुण कळले, असे मानण्याकडे त्याचा कल सहज होतो.

हा कल कितपत युक्त आहे, हे पाहण्यास कन्सोलवर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमांची परीक्षणे हे उत्तम क्षेत्र आहे. नाटक, कादंबरी किंवा चित्र यांच्या समीक्षेत अंकाला आजही गौण स्थान आहे. मराठी दैनिकांत चित्रपटाच्या परीक्षणाबरोबर तारे छापले जातात, पण त्यांवरून कोणी फारसा वाद घालीत नाही. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र दहापैकी किंवा शंभरापैकी दिलेला अंक हाच परीक्षणाचा निष्कर्ष मानला जातो, आणि पुष्कळदा तेवढाच वाचला जातो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नव्या खेळाची तबकडी चार-पाच हजार रुपयांना किंवा त्याहूनही अधिक किमतीला पडते. मध्यमवर्गीय घरात अशी खरेदी वर्षातून एखाददुसरीच होणार. ज्या घरात दहावीच्या गुणपत्रिकेवरील अंक वाचण्याची सवय दोन-तीन पिढ्यांची आहे, त्याच घरात आता खेळाचे अंकही वाचले जातात. मुलगा म्हणतो, “याला सत्तर मिळालेत”. आणि ‘सत्तर’ या शब्दाचा अर्थ बाप आपल्या अनुभवातून लावतो. दोघांच्या मनातील ‘सत्तर’ एकच असतो काय? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

२. अंकाचे मूल्य

सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहात ‘मूल्य’ या संकल्पनेचे विवेचन आहे. चिन्हाचा आशय त्या चिन्हात साठवलेला नसतो. त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांहून ते कोठे वेगळे आहे, यावरून तो ठरतो, असे त्याचे सार आहे. हा सिद्धांत अंकांना लागू पडणार नाही, कारण अंक सर्वत्र सारखेच, असे प्रथमदर्शनी वाटते. गणितातील सत्तरापुरते ते खरेही आहे. मूल्यमापनातील सत्तर मात्र गणितातला नव्हे. तो एका विशिष्ट श्रेणीतील शब्द आहे, आणि त्याचा अर्थ त्या श्रेणीच्या सीमारेषांवर अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील माध्यमिक शालान्त परीक्षेची श्रेणी पाहावी. तेथे ३५ गुणांना उत्तीर्ण, ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी, आणि ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य. या व्यवस्थेत सत्तर म्हणजे प्रथम श्रेणीचा भरदार मध्यभाग. व्हिडिओ गेमच्या परीक्षणांची श्रेणी मुख्यतः इंग्रजी, त्यातही अमेरिकी नियतकालिकांत रूढ झाली. अमेरिकी शाळांत सामान्यतः साठाच्या खाली विद्यार्थी अनुत्तीर्ण होतो, सत्तरीत ‘सी’ ही मधली श्रेणी मिळते, आणि नव्वदीला ‘ए’. त्या व्यवस्थेत वाढलेल्या परीक्षकाचा सत्तर म्हणजे जेमतेम मधला.

परीक्षणांच्या गुणसंख्या एकत्र करून सरासरी देणारी ‘मेटाक्रिटिक’ ही संस्था २००१ साली सुरू झाली. तिच्या पद्धतीनुसार खेळास ७५ किंवा अधिक गुण असल्यास हिरवा रंग मिळतो, ५० ते ७४ यांस पिवळा, आणि त्याखाली तांबडा. पिवळ्या पट्ट्याचे नाव ‘संमिश्र किंवा सर्वसाधारण’ असे आहे. याच संस्थेच्या चित्रपटविभागात हिरवा रंग ६१ पासून सुरू होतो. म्हणजे ६५ हा अंक चित्रपटाला लागला तर अनुकूल, खेळाला लागला तर संमिश्र, आणि डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला लागला तर प्रथम श्रेणी. एकच ध्वनिरूप तीन भाषांत तीन अर्थांनी आढळावे, तसाच हा प्रकार आहे. अशा शब्दांविषयी भाषांतरकार जी सावधगिरी बाळगतो, ती अंकांविषयी कोणी बाळगीत नाही. कारण अंकांचे भाषांतर करावे लागते, हेच सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

३. मधल्या शब्दांची घसरण

एडवर्ड सपीर याने १९४४ सालच्या आपल्या एका निबंधात तुलनेचा अर्थविचार केला आहे. ‘मोठा’, ‘चांगला’ यांसारखी विशेषणे स्वतंत्र वाटली, तरी त्यांच्या पोटात तुलना दडलेली असते, हे त्याने दाखवून दिले. या विचाराच्या साह्याने मराठीतील मध्यमदर्शक शब्द तपासले असता एक चमत्कारिक गोष्ट दिसते. श्रेणीचा मध्य दाखविणारे शब्द मध्यावर टिकत नाहीत. ते खाली घसरतात.

‘सुमार’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ गणना, मोजदाद. ‘सुमारे’ आणि ‘बेसुमार’ या शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. परंतु ‘सुमार दर्जाचे नाटक’ असे म्हटल्यावर ते नाटक सरासरीइतके चांगले आहे, असे कोणी समजत नाही. ते टाकाऊ आहे, असेच समजतात. ‘सामान्य’ म्हणजे सर्वांना समान; पण ‘अगदी सामान्य कादंबरी’ ही निंदा होय. ‘यथातथा’ याचेही तसेच. ‘बरा’ या शब्दाचा प्रवास याहून बोलका आहे. संतांच्या वाङ्मयातील ‘बरवा’ म्हणजे सुंदर, उत्तम. आजारी माणूस ‘बरा’ होतो तेव्हा त्या अर्थाची ऊब अजूनही जाणवते. पण नाट्यगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘बरा होता’ म्हणतो, तेव्हा ती स्तुती नसते. इंग्रजीतील ‘मीडिऑकर’ हा शब्दही मुळात ‘मधल्या उंचीचा’ एवढ्याच अर्थाचा होता.

ही घसरण का होते, याचे उत्तर अर्थव्यवहाराच्या अभ्यासात मिळते. ग्राइस याने मांडलेल्या आणि पुढे हॉर्न याने श्रेणीवाचक शब्दांना लावलेल्या विचारानुसार, बोलणाऱ्याने दुबळा शब्द वापरला की ऐकणारा असे अनुमान काढतो की, प्रबळ शब्द वापरण्यास त्याला आधार नव्हता. ‘चांगला’ म्हटले म्हणजे ‘उत्तम’ नाही. मराठी परीक्षणांत ‘प्रयत्न प्रामाणिक आहे’ या वाक्याला जो सूर प्राप्त झाला आहे, तो याच अनुमानामुळे. वाक्यात निंदा कोठेही नाही. परंतु फलश्रुतीविषयी काही न बोलता प्रयत्नाविषयी बोलणे हीच निंदा.

अंकांचे नेमके असेच होते. ‘आयजीएन’ या नियतकालिकाच्या दहा गुणांच्या श्रेणीत प्रत्येक अंकापुढे शब्द नेमून दिलेला आहे. तेथे सातासमोरचा शब्द ‘गुड’, म्हणजे चांगला. सहासमोर ‘ओके’, म्हणजे ठीक. आणि पाचासमोर ‘मीडिऑकर’. श्रेणीचा गणिती मध्य जो पाच, तो अशा रीतीने निंदेच्या प्रदेशात गेला आहे. शिवाय सात म्हणजे ‘चांगला’ असे छापलेले असूनही वाचक सातास ‘आठ नव्हे’ असे वाचतो. बहुसंख्य गुणसंख्या साठ ते नव्वद या पट्ट्यात दाटल्या आहेत. अगदी टाकाऊ खेळांची परीक्षणेच मुळात फारशी लिहिली जात नाहीत, हेही याचे एक कारण आहे. पट्टा असा अरुंद झाला की त्यातील प्रत्येक पायरीवर अर्थाचा भार वाढतो, आणि खालची अर्धी श्रेणी वापराविना पडून राहते.

वरच्या टोकास उलट प्रकार घडतो. ठाणे-डोंबिवलीकडच्या तरुणांच्या बोलीत ‘भारी’, ‘सॉलिड’, ‘जबरी’, ‘कडक’ असे प्रशंसावाचक शब्द आढळतात. एक झिजला की दुसरा पुढे येतो. अंकांना ही सोय नाही. दहाच्या पुढे शब्द नाही. जपानमधील ‘फामित्सु’ या १९८६ साली सुरू झालेल्या नियतकालिकात चार परीक्षक प्रत्येकी दहा गुण देतात. तेथे चाळीसपैकी चाळीस गुण प्रथम १९९८ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या खेळास मिळाले. त्यापूर्वी बारा वर्षांत एकासही न मिळालेले पूर्ण गुण त्यानंतर वीसहून अधिक खेळांना मिळाले आहेत. दहावीच्या निकालात शंभर टक्क्यांचे विद्यार्थी आता दरवर्षी आढळतात, तेव्हा महाराष्ट्रातील पालकांना जो प्रश्न पडतो, तोच येथेही पडतो. वाढले काय, गुण की गुणसंख्या?

४. सरासरी कोणाचे मत?

एका परीक्षकाचा अंक हा निदान एका व्यक्तीचा अभिप्राय असतो. अनेक अंकांची सरासरी काढली म्हणजे काय होते, हा पुढचा प्रश्न आहे. स्टीव्हन्स याने १९४६ साली मापनश्रेणींचे चार प्रकार सांगितले. त्यांतील क्रमदर्शक श्रेणीत कोण पुढे आणि कोण मागे एवढेच सांगता येते. दोन पायऱ्यांतील अंतर सारखे आहे, असे मानता येत नाही. खेळाचे गुण स्वभावतः या प्रकारचे आहेत. सहा व सात यांतील अंतर नऊ व दहा यांतील अंतराइतके आहे, असे कोणताही परीक्षक ठामपणे सांगू शकणार नाही. अंतरे समान नसतील तर त्या मताने बेरीज करणे आणि भागणे सशास्त्र ठरत नाही.

याखेरीज रूपांतराची अडचण आहे. काही नियतकालिके तारे देतात, काही अक्षरे देतात, काही शंभरापैकी अंक देतात. सरासरी काढण्यासाठी हे सारे शंभराच्या श्रेणीत आणावे लागते. पाचापैकी तीन तारे म्हणजे ६०. परीक्षकाच्या मनात तीन तारे म्हणजे ‘चांगला’ असले, तरी त्याचे ६० हे पिवळ्या पट्ट्यात जाऊन पडतात. मेटाक्रिटिकच्या पद्धतीत ‘बी’ या अक्षरश्रेणीचे ७५ होतात, पण ‘बी उणे’चे ६७, म्हणजे एका उण्याच्या चिन्हाने आठ गुण जातात आणि रंगही बदलतो. सर्व नियतकालिकांचे वजन सारखे धरले जात नाही, आणि कोणाचे किती हे संस्था प्रसिद्ध करीत नाही.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने तयार केलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये इतर यंत्रांवर आला. राजी ही मुलगी आपला भाऊ गोलू याच्या शोधात असुरांशी लढते, आणि दुर्गेचे वरदान तिच्या पाठीशी असते, असे त्याचे कथानक. राजस्थानी वास्तुकला, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांचा उपयोग त्यात केलेला आहे. भारतीय संस्थेचा कन्सोलवरील खेळ जगभरच्या परीक्षकांपुढे एवढ्या ठळकपणे येणे ही तोपर्यंत क्वचितच घडणारी गोष्ट होती. ‘द गेम अवॉर्ड्स’ या पुरस्कारांत २०२० सालच्या पदार्पणातील खेळांच्या नामनिर्देशितांत त्याचा समावेश झाला.

त्याची गुणसंख्या सत्तरीच्या आसपास राहिली. परीक्षणांचा मजकूर वाचला तर चित्र बरेच स्पष्ट होते. दृश्यरचना, संगीत आणि पुराणकथांचे उपयोजन यांची प्रशंसा. लढाईची हाताळणी, खेळाची लांबी आणि एकाएकी येणारा शेवट यांविषयी तक्रार. हे दोन अभिप्राय परस्परविरोधी नाहीत. ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. अंकात मात्र ते एकमेकांतून वजा होतात. कलेकडे पाहणारा एक परीक्षक नव्वद देईल, लढाईकडे पाहणारा दुसरा पन्नास देईल. सरासरी सत्तर येईल, आणि तो सत्तर दोघांपैकी कोणाचाच अभिप्राय असणार नाही. ज्या वाचकाला पहाडी शैलीतील चित्रातून चालत जाण्याची हौस आहे, त्याला हा अंक परावृत्त करील. ज्याला चपळ लढाई हवी, त्याला तो अकारण आशा दाखवील. दोघांचेही समाधान करण्यास परीक्षणातील दोन वाक्ये पुरली असती.

५. निर्देश आणि काळ

अंकाविषयी आणखी दोन प्रश्न उपस्थित होतात, आणि दोन्ही भाषाशास्त्रास परिचित आहेत. पहिला, हा अंक नेमक्या कोणत्या वस्तूचा निर्देश करतो? दुसरा, तो कोणत्या वेळचा आहे?

डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडमधील ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या संस्थेचा खेळ प्रसिद्ध झाला. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती. त्यावरून दिलेले गुण ऐंशीच्या वर होते. त्या वेळी पुष्कळांच्या घरी असलेल्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवरील आवृत्ती मात्र इतकी सदोष निघाली की तिची सरासरी साठाच्या खाली गेली, आणि सोनी कंपनीने आठवड्याभरात तो खेळ आपल्या विक्रीदालनातून काढून घेतला. जून २०२१ पर्यंत तो परत आला नव्हता. नाव एकच, पण वस्तू दोन. आणि पहिल्या वस्तूचा अंक वाचून ग्राहकांनी दुसरी विकत घेतली.

पुढे या खेळात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. सप्टेंबर २०२३ मधील सुधारित आवृत्तीने त्याची रचना पुष्कळ अंशी पालटली. मूळ अंक मात्र तेच राहिले. परीक्षणाच्या वाक्यांना क्रियापद असते आणि क्रियापदाला काळ असतो. ‘या आवृत्तीत दोष आढळला’ हे वाक्य आपली मर्यादा स्वतःच सांगते. अंकाला काळ नाही. तो सदैव वर्तमानात बोलतो. कादंबरी छापल्यानंतर बहुधा बदलत नाही, म्हणून तिच्या बाबतीत हा दोष खटकत नाही. प्रकाशनानंतरही बदलत राहणाऱ्या कृतीच्या बाबतीत तो मूलगामी आहे.

६. अंकाचे परिणाम

अंक केवळ वर्णन करीत नाही. तो काही घडवूनही आणतो. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ २०१० साली ‘ऑब्सिडियन’ या संस्थेने तयार केला. प्रकाशकाशी झालेल्या करारात मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाल्यास अधिक मोबदला, अशी अट होती, मिळाले ८४. त्या संस्थेतील एका जबाबदार व्यक्तीने २०१२ साली ही गोष्ट जाहीर केली. वर वर्णिलेल्या रूपांतराच्या पद्धतीत एका नियतकालिकाच्या अर्ध्या ताऱ्यानेही जे अंतर भरून निघू शकले असते, त्यावर तो अधिक मोबदला अवलंबून होता. प्रवेशासाठी अर्ध्या टक्क्याने हुकलेला विद्यार्थी ज्या समाजाला परका नाही, त्याला हे उदाहरण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

काही नियतकालिकांनी या व्यवहारातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. ‘युरोगेमर’ याने फेब्रुवारी २०१५ मध्ये गुण देणे बंद केले आणि ‘शिफारस’, ‘टाळावा’ अशा शब्दमुद्रा स्वीकारल्या. परंतु २०२३ साली तेच नियतकालिक पाच ताऱ्यांच्या पद्धतीकडे वळले. वाचकाला संक्षेप हवा असतो, हे या परतीतून दिसते. अंक नाहीसा करणे हा व्यवहार्य उपाय नव्हे. अंक हा परीक्षणाचा संक्षेप आहे, पर्याय नव्हे, एवढे भान राखणे हाच उपाय होय.

७. मराठी परीक्षणापुढील कार्य

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. अशा संस्थांत पुस्तकांविषयीचे मत वाक्यांत वाचणारा आणि वाक्यांत सांगणारा वाचक घडला. डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये जाणारा प्रेक्षकही नाटकाविषयी अंकात बोलत नाही; अभिनय सरस, संहिता कच्ची, दुसरा अंक रेंगाळतो, असे तो सांगतो. गुणदोषविवेचनाची ही परिभाषा मराठीत समृद्ध आहे. व्हिडिओ गेमच्या परीक्षणासाठी तिच्यात भर घालावी लागेल. हाताला जाणवणारी पकड, अडथळ्यांची चढण, हरून पुन्हा खेळण्याची ओढ यांस शब्द लागतील. खेळणाऱ्या मुलांच्या बोलीत त्यांपैकी काही आजही घडत असतील. त्यांची नोंद करणे हे या प्रदेशातील संशोधक विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आणि करण्याजोगे काम आहे.

तोपर्यंत वाचकाने कोणताही अंक पाहिल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. हा अंक कोणत्या श्रेणीतला आहे, आणि तिच्या सीमारेषा कोठे आहेत? तो एकाचा आहे की अनेकांच्या सरासरीचा? तो कोणत्या यंत्रावरील कोणत्या आवृत्तीचा आहे? आणि तो केव्हाचा आहे? या प्रश्नांची उत्तरे अंकात मिळत नाहीत. ती परीक्षणाच्या मजकुरात शोधावी लागतात. डोंबिवलीतील त्या घरात मुलाचा ‘सत्तर’ आणि बापाचा ‘सत्तर’ यांचा मेळ बसावयाचा, तर दोघांनी मिळून ती चार वाक्ये वाचली पाहिजेत. गुणपत्रिका वाचून विद्यार्थी ओळखता येत नाही, हे ज्या समाजाने अनुभवाने जाणले आहे, त्याला गुणसंख्या वाचून कलाकृती ओळखता येत नाही, हे मान्य करण्यास फारशी अडचण पडू नये.